फोम बोर्डावर कोरलेली घराची पाटी: एक फसलेली, एक टिकलेली, आणि आता तिसरीचं काय करू?

चिरेबंदी
४ जून, रात्री १०:२०

देवरुखजवळच्या आमच्या घराच्या फाटकावर सासऱ्यांनी सागाच्या फळीवर केलेली पाटी होती. वाळवीने ती मागून पोखरली. पुढून ऑइलपेंट अगदी शाबूत, आणि बोटाने दाबलं तर आत भुसा. त्यामुळे नवीन पाटी लाकडाची नको हे नक्की होतं. ॲक्रिलिकवर लेझरने कापलेल्या पाट्या सासूबाईंना दवाखान्यासारख्या वाटतात. मग एका फ्लेक्सवाल्याकडे १८ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी फोम बोर्ड पडलेला दिसला. आमच्याकडे सगळे त्याला सरसकट सनबोर्डच म्हणतात. ३६ बाय १४ इंचाचा तुकडा घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत कोरायला बसले.

घराचं नाव 'मृद्गंध'. नाव ठेवताना कुणी कोरण्याचा विचार करत नाही! खाली ऋकार, मध्ये 'द्ग', वर अनुस्वार, आणि शेवटी 'ध'. प्रिंट काढून कार्बनपेपरने अक्षरं उतरवली. ट्रिमरला (हातात धरायचं छोटं राउटर) व्ही-आकाराचं बिट, म्हणजे पातं, लावून प्रत्येक रेघेच्या मधोमध एक खाच मारली आणि मग दोन्ही बाजूंनी धारदार पटाशीने उतार काढला. बोर्डाला लाकडासारख्या रेषा नसतात, त्यामुळे पटाशी कुठेही वळते, ढलपी उडत नाही. लाकडावर हात बसलेला असेल तर साबण कापल्यासारखं वाटतं.

आणि इथेच माती खाल्ली. शिरोरेखा सरळ यावी म्हणून पट्टी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रिमर एका दमात फिरवला. मागे येऊन चहा घेत बघतेय, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा घ झाला की!" 'ध'च्या डोक्यावर शिरोरेखा तुटते, हे मी पाचवीपासून लिहीत आलेय. हातात यंत्र आलं आणि विसरले. आठवडाभर घरात 'मृद्गंघ' चाललं होतं.

ती खाच फेविक्विक आणि खायचा सोडा घालून बुजवली. क्षणात दगड झाला. पण तो इतका कडक की घासताना आजूबाजूचा बोर्ड झिजतो आणि बुजवलेलं तसंच टेंगळासारखं वर राहतं. तिरक्या उन्हात ते अजून दिसायचं. त्यावर गडद मरून रंग दिला, सोनेरी अक्षरं केली, चार कोपऱ्यांत चार स्क्रू गच्च आवळले आणि पश्चिमेकडच्या खांबावर ठोकून दिली. एप्रिलमध्ये पाटीला पोट सुटलं. मेमध्ये ती भाजलेल्या पापडासारखी वळली आणि एका स्क्रूपाशी कोपरा तडकला.

दुसरी पाटी त्याच बोर्डाची, पण पार्श्वभूमी फिकट क्रीम, फक्त अक्षरं गडद. स्क्रूची भोकं लांबट, मागे १० मिलिमीटरच्या नळ्या घालून भिंतीपासून सुटी. मागच्या बाजूला आणि कडांना पुढच्याइतकेच हात मारले. तिने तीन पावसाळे काढले.

आता शंका. मामेभाऊ होमस्टे काढतोय. त्याला रस्त्यावरून दिसेल अशी ५ फुटी पाटी हवीय, वर उठावातला ककणेर (धनेश) पक्षी, त्याच्या मोठ्या चोचीसकट. १८ मिलिमीटरमध्ये ककणेर बसणार नाही, पोपट बसेल. काय वापरू?

रंगारीबुवा
५ जून, सकाळी ७:०५

ताई, पहिलं म्हणजे शिरोरेखा शेवटी. मी पत्र्यावर आणि भिंतीवर चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, आधी अक्षरांची अंगं बसवायची आणि मग डोक्यावर रेघ. म्हणजे ध, भ, थ, श आले की हात आपोआप थांबतो. कार्बनपेपर सोडा, खाका करा. कागदावर अक्षर काढून रेघेवर टाचणीने भोकं पाडायची, कागद बोर्डावर चिकटवायचा आणि फडक्याच्या पुरचुंडीत कोळशाची पूड बांधून वरून आपटत जायचं. ठिपके उठतात, नको असतील तर फुंकरीने जातात. एकाच खाक्यावर दहा पाट्या होतात.

दुसरं, अक्षर किती मोठं? धंद्यातला जुना हिशेब, दर १० फुटांमागे १ इंच. रस्ता ६० फुटांवर असेल तर ६ इंच. हे ६ इंच शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचे. वेलांटी-मात्रा वर आणि उकार खाली, त्यांची जागा वेगळी. कॉम्प्युटरवाले सगळं मिळून ६ इंच धरतात आणि मग अक्षर साडेतीनच इंच निघतं.

सीएनसीवाला_शऱ्या
५ जून, सकाळी ९:४०

बुवांना साष्टांग. कोरीव अक्षराच्या खोलीचा हिशेब मी देतो, कारण यात बरेच जण फसतात. ९० अंशाच्या व्ही-बिटने कोरलं की खोली रेघेच्या जाडीच्या निम्मी. काना २० मिलिमीटर जाड असेल तर खोली १०. तेच ६० अंशाचं बिट लावलं तर सव्वासतरा. १८च्या बोर्डात म्हणजे पाठीला भोक पडायला पाऊण मिलिमीटर उरला. देवनागरीची गंमत ही की आपलं अक्षर बोरूतून आलंय, तिरकी कापलेली लेखणी, त्यामुळे एकाच अक्षरात जाड-बारीक. कोरल्यावर जाड भाग खोल जातो, बारीक भाग उथळ. संध्याकाळच्या उन्हात त्याची जी सावली पडते ना, ती छापील अक्षराला येत नाही. पण 'द्ग'मध्ये ग हा द च्या पोटाला लटकवलात तर बारीक भाग इतका उथळ होतो की रंगाने भरून जातो.

आणि एक, कुणी 'लेझरवर कापून देतो' म्हणालं तर पीव्हीसी बोर्ड देऊ नका. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाच्या छातीला वाईट आणि यंत्र गंजून जातं ते वेगळं. करवत, जिगसॉ, राउटर, काय हवं ते चालवा.

पेठेतली_पेठकर
५ जून, सकाळी ११:१२

पाटीवर 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' कोरलंत की नाही? खोली किती ठेवावी लागेल?

चिरेबंदी
५ जून, दुपारी १२:३०

धागा पुण्याला जायच्या आत परत आणा रे कुणीतरी.

शऱ्या, 'द्ग'चा तो अनुभव घेतला. दुसऱ्या पाटीत द पाय मोडून, शेजारी पूर्ण ग. सासूबाईंना मान्य नाही, "शाळेत असं लिहिलं असतंस तर छडी बसली असती". पण लांबून वाचता येतं.

ओहायोकर
५ जून, रात्री ११:५५

इथे अमेरिकेत कोरीव पाट्यांसाठी हाय डेन्सिटी युरेथेन वापरतात, एचडीयू म्हणतात. पूर्वी रेडवुड आणि सिडारच्या पाट्या असायच्या, आता बऱ्याच दुकानांत याच्याच. घट्ट पॉलियुरेथेन फोम, बंद पेशींचा. पाणी पीत नाही, कुजत नाही, रेषा नाहीत, ओलाव्याने लाकडासारखा फुगत-आकसत नाही. पाटीसाठी साधारण १५ किंवा १८ पौंडी घेतात, म्हणजे घनफुटाला तेवढं वजन. आपल्या भाषेत घनमीटरला २४० किंवा २९० किलोच्या आसपास. साग याच्या दुपटीहून जड.

मी गॅरेजमध्ये दोन केल्या. चांगलं म्हणजे जाड ठोकळे मिळतात, कमी पडले तर एकावर एक चिकटवता येतात. चिकटवायला पाण्यातला गोंद नको, बंद पेशींमुळे मधलं पाणी सुकतच नाही. ओलाव्यावर वाळणारा पॉलियुरेथेन गोंद, आणि एका बाजूला पाण्याचा हलका फवारा. वाईट म्हणजे स्क्रू धरत नाही. खारी बिस्किटात स्क्रू मारल्यासारखं. पाठीत खोल भोकं पाडून त्यात इपॉक्सीने थ्रेडेड सळ्या बसवायच्या, नाहीतर मागे चौकट. आणि उघडा ठेवलात तर उन्हाने पिवळा पडून वरचा थर भुकटी होतो. घासल्यावर प्रायमर लगेच.

त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र दिसतो, पावाच्या कापासारखा. पाण्यातला जाड प्रायमर, दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर घासायचं. माझी पहिली पाटी मी दोन संध्याकाळी कोरली आणि तीन आठवडे घासली.

लालबागचा_मखरवाला
६ जून, सकाळी ८:१५

तुमचं एचडीयू मुंबईत मागितलं तर लोक पफ दाखवतील, शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो. तो घनमीटरला ३०-४० किलोचा, अंगठा दाबला तरी खळगा पडतो. फसू नका. मागायचंच तर साचे बनवणाऱ्यांकडचा पीयू (पॉलियुरेथेन) मॉडेल बोर्ड मागा, तो या जातीचा आहे. महाग आहे, पण पक्ष्यापुरता तुकडा लागेल.

आमचा जन्म थर्माकोलात गेला. २०१८ला बंदी आली तोवर वीस वर्षं गणपतीची मखरं केली. निक्रोमची तार तापवायची. तार ओढायची नाही, ती आपली आपण खाली गेली पाहिजे. जोर लावलात की तार मध्ये मागे राहते आणि कापाला पोट येतं. धूर स्टायरीनचा, बंद खोलीत करू नका. पण हे सगळं आतल्या सजावटीला. बाहेर टांगायच्या पाटीत थर्माकोलचा गाभा मी सांगणार नाही. इपॉक्सी चढवा, जाळी चढवा, कुठेतरी एक चीर राहते आणि कोकणात तिथून मुंग्या आत जातात. आतून घर पोखरतात, बाहेरून कवच तसंच. तुमच्या सासऱ्यांच्या सागासारखं.

हातात आलेला पांढरा बोर्ड कुठला हे कळत नसेल तर टाकाऊ तुकड्यावर थिनरचा एक थेंब टाका. थर्माकोलच्या जातीचा असेल तर खड्डा पडून वितळतो. पीव्हीसी थोडा चिकट होतो. पीयूला काहीच होत नाही. कोणता स्प्रे, कोणती लांबी (पुट्टी) चालेल ते तिथेच समजतं. कागद लावलेला पांढरा फोमबोर्ड मिळतो तो तर शाळेच्या प्रोजेक्टचा, पहिल्या पावसात लगदा.

गुहागरी
६ जून, दुपारी १:४०

पाटी वळली त्याचं गणित: पीव्हीसी फोमचा प्रसरणाचा आकडा मीटरला, प्रत्येक अंशाला ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत गडद रंगाच्या बोर्डाच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज. ३६ इंचाला सव्वादोन मिलिमीटर वाढ. चारही कोपरे आवळलेले, मग ती वाढ जाणार कुठे? पोटात. ५ फुटीला पावणेचार मिलिमीटर धरा. मधला एक स्क्रू घट्ट, बाकी सगळी भोकं बाहेरच्या दिशेने लांबट, आणि स्क्रू वॉशर हलेल इतपतच आवळायचे. ५ फुटाला मागून गॅल्व्हनाइज्ड चौकोनी पाइपची चौकट हवीच, वाऱ्याने बोर्ड लपलपतो.

स्क्रू पिवळे-पांढरे मुलामा दिलेले अजिबात नकोत, वर्षात गंजाचे ओघळ पाटीवर उतरतात. देवरुखला ३०४ स्टेनलेस पुरे. आमच्यासारखं समुद्रासमोर असेल तर ३१६. चिऱ्याच्या खांबात स्क्रूची गिट्टी (भोकात ठोकतात ती) ढिली बसते, चिरा भुसभुशीत असतो; भोक पाडून केमिकल अँकर भरा किंवा सिमेंटात सळई पुरा.

पऱ्याकाठी
६ जून, रात्री ९:००

सगळं ठीक. पण निसर्गाच्या नावाने होमस्टे काढायचा आणि दारात ककणेर प्लास्टिकचा? ती घासलेली पांढरी भुकटी पहिल्या पावसाबरोबर कुठे जाते? तुमच्या परसातून पऱ्यात (ओढ्यात), पऱ्यातून नदीत. फणसाच्या लाकडाला काय धाड भरलीय?

चिरेबंदी
७ जून, सकाळी ६:५०

हे लागलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या पाटीच्या वेळी अंगणातच घासलं होतं आणि तुळशीच्या कट्ट्यावर बर्फ पडल्यासारखं झालं होतं. दुसरीच्या वेळी पडवीत ताडपत्री अंथरली, पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासलं, चिखल गोळा करून वाळवून पिशवीत भरला. तो पुढे कुठे जातो, याला माझ्याकडे उत्तर नाही. फणस मामेभावालाही सुचवला, तो म्हणतो दर दोन वर्षांनी तेल द्यायला कोण येणार.

मखरवाले दादा, कोरलेल्या खाचा आतून गुळगुळीत कशा करायच्या? माझ्या दुसऱ्या पाटीत जवळून अजून भोकं दिसतात.

लालबागचा_मखरवाला
७ जून, सकाळी ९:३०

ॲक्रिलिक लांबी दुधाच्या सायीइतकी पातळ करा आणि जुन्या ब्रशने खाचेत रगडा, नुसती फासू नका. भोकांतली हवा बाहेर आली पाहिजे. वाळली की आइस्क्रीमच्या काडीचं टोक व्हीसारखं तासा, त्यावर २२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा आणि खाचेच्या तळाशी फिरवा. बोटाने घासलंत तर खाचेची धार गोल होते, अक्षर साबणाच्या वडीवरच्या नावासारखं दिसतं. परत लांबी, मग ३२०. आमचे ड्युकोवाले (स्प्रेने चकचकीत रंग मारणारे) शेवटच्या घासणीआधी पातळ काळ्या रंगाचा धुरळा उडवतात. घासून जिथे काळं राहिलं तिथे खड्डा. डोळ्याला जे दिसत नाही ते काळं दाखवतं. मास्क लावा, पीयूची धूळ तर पिठासारखी उडते.

रंगारीबुवा
७ जून, सकाळी १०:१०

रंगाचा क्रमही लिहून ठेवा. आधी अक्षरांच्या खाचा रंगवा, बाहेर सांडला तरी चालेल. पूर्ण वाळू द्या. मग पार्श्वभूमीचा रंग छोट्या रोलरवर, अगदी कोरडा करून, वरवर फिरवा. रोलर खाचेत उतरत नाही, सांडलेलं झाकलं जातं आणि अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी येते. उलट क्रमाने केलंत तर बारीक कुंचला घेऊन रात्र काढाल, वर कडा थरथरणार.

ऑइलपेंट या बोर्डावर बसतो, पण उन्हात कडक होतो आणि खालचा बोर्ड हलतो, म्हणून तडकतो. बाहेरच्या भिंतीचा चांगला ॲक्रिलिक त्यापेक्षा लवचिक.

ओहायोकर
७ जून, संध्याकाळी ७:३०

सोनेरी रंगापेक्षा वर्ख लावून बघा. खरा २३ कॅरटचा वर्ख बाहेर काळवंडत नाही, त्यावर वार्निशही लागत नाही. बाजारातला 'गोल्डन लीफ' बहुतेक पितळेचा, त्यावर थर दिला नाही तर हिरवट होतो. वर्खाखालचा तेलाचा लेप बोटाला चिकटला पाहिजे पण बोटावर उतरता कामा नये, त्या वेळी वर्ख टाकायचा. घाई केली तर वर्ख बुडतो आणि निस्तेज होतो.

दुकानदार_नानू
७ जून, रात्री १०:०५

मामेभाऊ इंग्रजीत मोठं 'होमस्टे' आणि खाली बारीक मराठी असं करणार असेल तर थांबवा. राज्याच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. होमस्टेला तो नियम लागतो का ते विचारून घ्या. कोरल्यानंतर अक्षर मोठं करता येत नाही, एवढंच.

चिरेबंदी
२ डिसेंबर, रात्री ९:१५

पाटी लागली गणपतीआधी, लिहायला आज वेळ मिळाला.

पाया १८ मिलिमीटरच्या पीव्हीसीचे दोन थर, मागे पाइपची चौकट. अक्षरं खोदीव, ६ इंची, खाका बुवांच्या पद्धतीने (कोळसा मिळाला नाही, चुलीतली राख चालली नाही, शेवटी बैलगाडीच्या वंगणाची वाळलेली काजळी... नका विचारू). इंग्रजी खाली, बारीक. पक्षी पीयू मॉडेल बोर्डाच्या तीन इंची तुकड्यातून. ठोकळ्यावर बाजूने चित्र काढून आधी जिगसॉ, मग कानस, मग पॉलिशपेपर गुंडाळलेली लाटणी आणि चमचे. चोचीवरचं शिंगासारखं टोपण सगळ्यात अवघड: दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा आत स्टेनलेसची तार घालून चिकटवलं.

पीव्हीसी आणि पीयू उन्हात सारखेच हलतील याची खात्री नव्हती, म्हणून पक्षी इपॉक्सीने पूर्ण चिकटवला नाही. पोटाजवळ दोन सळ्या, बाकी कडेने लवचिक पॉलियुरेथेन सीलंट. पावसाळ्यात कुठे चीर नाही. वर्ख फक्त शिरोरेखेला परवडला. या वेळी ती शेवटी ओढली.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. पाऊस संपल्यावर खालच्या कडेला ओल दिसली म्हणून आरसा धरून मागे बघितलं, तर कुंभारमाशीने त्या १० मिलिमीटरच्या फटीत मातीची सलग सहा-सात घरटी बांधलेली. पाणी वरून यायचं आणि त्या मातीवर अडून बोर्डाला चिकटून राहायचं. लांबट भोकांतही माती, म्हणजे बोर्ड सरकायची जागाच बंद.

गुहागरी
३ डिसेंबर, सकाळी ७:४५

आमच्याकडे त्या फटीत पाल असते, ती माश्या खाते. फट २५ मिलिमीटर करा, खालून-वरून दोन्हीकडे उघडी. आणि दसऱ्याला हत्यारं पुसता तेव्हा बाटल्या धुवायचा लांब ब्रश पाटीमागून एकदा फिरवा.

चिरेबंदी
३ डिसेंबर, सकाळी ८:२०

नळ्या बदलल्या. मामेभाऊ म्हणतो पाल नको, पाहुणे घाबरतात.